सोलापूरच्या उन्हाळ्यात संगणकाला कस्टम वॉटर कूलिंग बसवावे का, आणि बसवायचे तर कसे?

टॉवेल_डिझायनर विचारतात:

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आवारातल्याच एका खोलीत बसून मी जॅकार्डची डिझाइने करतो आणि ग्राहकांना माल विणण्याआधी दाखवण्यासाठी त्यांची त्रिमितीय चित्रे रेंडर करतो. टॉवेलचा पाइल (वरचे उभे धाग्यांचे फासे) पडद्यावर खरा वाटायचा तर संगणकाला बराच वेळ पूर्ण ताकदीने चालावे लागते. यंत्रात रायझेन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ३६० मिमीचा तयार, सीलबंद लिक्विड कूलर आहे.

थंडीत काही तक्रार नसते. एप्रिल उजाडला की मात्र प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो तो तिथेच राहतो, कार्ड ८० च्या पुढे जाते आणि पंख्यांचा आवाज इतका वाढतो की खोलीत फोनवर बोलणे कठीण होते. खोलीला एसी नाही, खिडकीत डेझर्ट कूलर आहे. त्यामुळे प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींसाठी एकच कस्टम वॉटर कूलिंग बसवून घ्यावे, असे मनात आहे.

ओळखीचे एक रेडिएटर मेकॅनिक म्हणतात की लहान गाडीचा रेडिएटर बसवून देतो, पंप डेझर्ट कूलरचाच वापरू आणि पाणी आरओचे घालू. खर्च चौथाईवर येईल. हे चालेल का? नळ्या कडक पारदर्शक घ्याव्यात की मऊ? आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, त्याचा धोका किती? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे.

तापमापक यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रोसेसर किंवा कार्ड नसून खोलीची हवा आहे. वॉटर कूलिंगमध्ये पाणी उष्णता फक्त वाहून नेते. ती शेवटी रेडिएटरमधून खोलीच्या हवेतच सोडावी लागते, आणि म्हणून पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. बाहेर ४३ अंश आणि खोलीत ३८ अंश असतील, तर कितीही महागडी जुळणी केली तरी भारावर असताना आपले पाणी ४५ ते ५० अंशांच्या घरात राहणार. परदेशातल्या चित्रफितींमध्ये दिसणारे तापमानाचे आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. ते पाहून सोलापुरात खरेदी केली की पहिल्याच उन्हाळ्यात निराशा पदरी पडते.

प्रोसेसरचे ९५ अंश हा बिघाड नाही. हा प्रोसेसर वीज आणि तापमान यांतली जी मर्यादा आधी येईल तिथपर्यंत वेग वाढवत जातो, आणि त्याची तापमानाची मर्यादाच ९५ अंश आहे. म्हणजे आपण कूलर सुधारला तरी तो मिळालेली मोकळीक थोडा अधिक वेग घेण्यात खर्च करील आणि पुन्हा तिथेच जाऊन बसेल. यावर बिनपैशाचा उपाय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. तिथे १०५ वॅटचा इको मोड निवडला, की प्रत्यक्ष वीज-मर्यादा २३० वॅटवरून १४२ वॅटवर येते. रेंडरिंगचा वेळ थोडा वाढतो, पण तापमान आणि आवाज यांत जो फरक पडतो त्यापुढे तो नगण्य वाटतो.

आणि काहीही विकत घेण्याआधी सध्याच्या रेडिएटरवरचे पंखे सोडवून मागची जाळी पाहावी. टॉवेलच्या कारखान्यातील हवेत कापसाचे तंतू किती असतात हे मी आपल्याला सांगायला नको.

इलेक्ट्रॉनिक्सची_मास्तरीण यांचे उत्तर:

वरील उत्तराला थोड्या आकड्यांची जोड देते, कारण रेडिएटर किती मोठा घ्यावा याचा निर्णय अंदाजाने करू नये.

आपल्या प्रोसेसरची कमाल वीज २३० वॅट आणि कार्डाची ३२० वॅट, म्हणजे दोन्ही एकाच वेळी राबले तर ५५० वॅट उष्णता पाण्यात जाते. पंखे मध्यम वेगाने फिरत असतील, तर रेडिएटरच्या प्रत्येक १२० मिमी भागामागे ढोबळमानाने १०० वॅट उष्णता निघते आणि त्यासाठी पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंश गरम असावे लागते. ३६० मिमीचे दोन रेडिएटर म्हणजे असे सहा भाग. तेव्हा ३८ अंशांच्या खोलीत पाणी ४७-४८ अंशांवर स्थिरावेल. एकच रेडिएटर लावला तर हीच तफावत जवळजवळ दुप्पट होऊन पाणी ५६ अंशांच्या आसपास जाईल. या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी-५ प्रकारच्या पंपाची मर्यादा ६० अंश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एका रेडिएटरवर भागवणे किती अंगाशी येऊ शकते ते कळेल. नळ्यांचा प्रश्नही इथेच सुटतो. कडक पारदर्शक नळ्यांपैकी पीईटीजी हा प्रकार ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि फिटिंगमधून सरकण्याची शक्यता निर्माण होते. अॅक्रिलिक त्याहून अधिक उष्णता सोसते. पण कामाच्या यंत्रात मी काळ्या ईपीडीएम रबराच्या मऊ नळ्याच सुचवीन. दिसायला त्या साध्या असतात, मात्र स्वस्त पारदर्शक पीव्हीसी नळीतून कालांतराने जो चिकट पदार्थ पाण्यात उतरतो आणि वॉटरब्लॉकच्या (चिपवर बसवून तिची उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांत जाऊन बसतो, तो त्रास त्यांच्यात होत नाही.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डाकडे, यावर पुष्कळ वाद घातला जातो. तो निरर्थक आहे. मिनिटाला चार लिटर प्रवाह असेल, तर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे २८० वॅट लागतात. म्हणजे संपूर्ण ५५० वॅट घेऊनसुद्धा फेरीतील सर्वांत गरम आणि सर्वांत थंड बिंदूंमध्ये दोनच अंशांचा फरक पडतो. नळ्या कमीत कमी वळतील असा क्रम ठेवावा, एवढेच. एक अट मात्र कधीही मोडू नये: टाकीची जागा पंपाच्या तोंडाच्या वर असली पाहिजे, जेणेकरून पंपात पाणी आपोआप उतरत राहील. या पंपांच्या आतील भागाला वंगण असते ते पाण्याचेच. कोरडा फिरवलेला पंप काही क्षणांत खराब होऊ शकतो.

वीज जाण्याची काळजी करू नये. पंप आणि उष्णता निर्माण करणारे भाग एकाच वेळी बंद पडतात. खरा धोका यंत्र चालू असताना पंप बंद पडण्याचा आहे. त्यासाठी पंपाला वीज थेट एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा किंवा मोलेक्स जोडणीतून द्यावी, कारण मदरबोर्डावरील पंख्याची जोडणी साधारणपणे एक अँपियरचीच असते आणि डी-५ पंप त्याहून अधिक वीज घेऊ शकतो; पंपाची वेग दाखवणारी तार तेवढी प्रोसेसर-फॅनच्या जोडणीत लावावी. म्हणजे पंप थांबताच मदरबोर्ड सूचना देतो.

भवानी_पेठ_गॅरेज यांचे उत्तर:

माझा धंदा गाड्यांच्या रेडिएटरचा आहे आणि घरी संगणकाचीही हौस आहे, म्हणून मेकॅनिकांच्या सूचनेबद्दल लिहितो. हेतू चांगला आहे, परंतु सल्ला मानू नये.

आजच्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात आणि संगणकाचे वॉटरब्लॉक तांब्याचे, बहुधा निकेलचा मुलामा दिलेले. हे दोन धातू एकाच पाण्यात जोडले की विद्युत-रासायनिक क्रियेने अॅल्युमिनियम गळू लागते, त्याचा पांढरट गाळ वॉटरब्लॉकच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक खाचा बुजवतो आणि शेवटी रेडिएटरला छिद्र पडते. सन २००० च्या आसपास हौशी लोक जुन्या गाड्यांच्या हीटरचे रेडिएटर संगणकाला लावत असत, हे खरे. पण ते तांब्या-पितळेचे होते. संगणकासाठी बनवलेला रेडिएटर घेतानासुद्धा आतल्या नळ्या तांब्याच्या आहेत की नाही हे वाचून पाहावे, कारण स्वस्त मालात अॅल्युमिनियम असते आणि खोक्यावर ते ठळक लिहिलेले नसते.

गाडीचा हिरवा कूलंटही नको. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि निम्मे-निम्मे मिसळलेले द्रव साध्या पाण्याच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश कमी उष्णता धरते. गाडीला ते उकळू नये व गोठू नये म्हणून लागते. आपल्या संगणकाला यांतले काहीच होणार नाही.

आरओच्या पाण्याबद्दल सांगायचे तर, ते पिण्यासाठी असते, क्षारमुक्त नसते. विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर बुडवून पाहा, काही दहा तरी दिसतीलच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर जी पांढरी पुटे चढतात, तोच प्रकार सावकाश आत होईल. सीलबंद डब्यातील डिस्टिल्ड वॉटर घ्यावे आणि त्यात संगणकासाठीच मिळणारे गंजरोधक व शेवाळरोधक द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालावे, किंवा तयार पारदर्शक कूलंट घ्यावा. बॅटरीच्या दुकानात पिंपातून सुटे मिळणारे पाणी अॅसिडच्या शेजारी हाताळलेले असते, ते टाळावे. दुधाळ रंगीत कूलंट शोभेपुरते ठीक. त्यातील रंगाचे कण तळाशी बसतात.

डेझर्ट कूलरचा पंप २३० व्होल्टवर चालतो आणि उघड्या टाकीत बुडवून ठेवण्यासाठी बनवलेला असतो. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये तो नेण्याचा विचारही करू नये.

पंखाच_बरा यांचे उत्तर:

मी विरुद्ध मत नोंदवतो. आरटीएक्स ४०८० वर कंपनीनेच इतका अवाढव्य हीटसिंक दिलेला असतो की पाण्याने होणारा फायदा मुख्यतः आवाजापुरता उरतो. प्रोसेसरला इको मोड लावावा, कार्डाची वीज-मर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी उतरवावी आणि वाचलेल्या पैशांत खोलीला एसी बसवावा. कस्टम जुळणीने खोलीत सोडली जाणारी उष्णता एका वॅटनेही कमी होत नाही. ५५० वॅट म्हणजे भर मे महिन्यात अर्धा रूम हीटर लावून बसण्यासारखे आहे. एसीने संगणकही निवतो आणि माणूसही. शिवाय गळतीची धास्ती नाही, दरवर्षी पाणी बदलणे नाही.

टॉवेल_डिझायनर लिहितात:

सर्वांचे मनापासून आभार. तापमापक यांनी सांगितल्याप्रमाणे रेडिएटरवरचे पंखे सोडवले. पंखे आणि जाळी यांच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. कोपऱ्यात नख घालून ओढला तर तो अखंड निघून आला, आणि त्याच्यावर जाळीच्या रेघा उमटलेल्या होत्या. पंख्यांच्या बाजूने नुसते पाहिले असता यातले काहीही दिसत नव्हते. तो काढून इको मोड लावल्यापासून प्रोसेसर ८० च्या खाली राहतो आहे आणि आवाजही बराच उतरला आहे.

एसीचा सल्ला योग्य आहे, परंतु खोली कारखान्याला लागून असल्याने दार सतत उघडे असते आणि थंड हवा टिकत नाही. कार्डाचा आवाज दुपारी अजूनही त्रास देतो. म्हणून ३६० मिमीचे दोन तांब्याचे रेडिएटर, डी-५ पंप आणि मऊ नळ्या असा बेत पक्का करतो आहे. कार्डाला पाणी लावण्यात खरोखर फायदा आहे का, तेवढे सांगावे, आणि जुळणीच्या वेळी नवख्याचा हात कुठे चुकतो तेही.

तापमापक यांचे उत्तर:

कार्डाला फायदा आहे, आणि प्रोसेसरपेक्षा अधिक आहे. आपल्या प्रोसेसरमध्ये उष्णता मुख्यतः प्रत्येकी सुमारे ७१ चौरस मिमीच्या दोन चिपांतून निघते आणि वरच्या जाड धातूच्या झाकणातून बाहेर येते. कार्डाची चिप सुमारे ३७९ चौरस मिमी आहे आणि वॉटरब्लॉक थेट तिच्यावर बसतो. ३२० वॅट असूनही कार्ड पाण्याच्या तापमानाच्या बरेच जवळ राहते. पाणी ४८ अंशांवर असतानाही कार्ड साठीच्या घरात राहावे, आणि सहा मोठे पंखे सावकाश फिरत असल्याने आवाज जाणवण्याइतका उतरावा. मात्र वॉटरब्लॉक ‘४०८० साठी’ एवढेच पाहून घेऊ नये. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची सर्किटची पाटी वेगळी असते, तेव्हा आपल्या कार्डाच्या नेमक्या मॉडेलचे नाव वॉटरब्लॉकच्या यादीत असल्याखेरीज पैसे देऊ नयेत. मूळ हीटसिंक काढल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे.

रेडिएटर निवडताना पात्यांची दाटी पाहावी. इंचाला तीस पाती असलेला रेडिएटर आपल्या खोलीत महिन्याभरात चोंदेल; अकरा ते सोळा पात्यांचा घ्यावा, तो सावकाश पंख्यांवरही चांगला चालतो आणि ब्रशने साफ होतो. दोन्ही रेडिएटरांतून हवा आत घ्यावी, म्हणजे दोघांनाही खोलीचीच हवा मिळते, आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूस चुंबकाने चिकटणाऱ्या जाळ्या लावाव्यात. एक समोर आणि एक तळाशी बसेल असे कॅबिनेट असले तर उत्तम. मागचा पंखा हवा बाहेर टाकील.

नवा रेडिएटर थेट लावू नये. डाखकामाचे अवशेष आत राहिलेले असतात. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्धे भरून, तोंडे बंद करून तो जोरात हलवावा आणि पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून पाहावे. कण दिसेनासे होईपर्यंत हे करत राहावे. सर्वांत महाग पडणारी चूक इथून पुढे घडते. पंखे बसवायचे स्क्रू जर लांब निघाले, तर त्यांचे टोक पंख्याखालून थेट रेडिएटरच्या पाण्याच्या नळीत घुसते. प्रत्येक स्क्रू पंख्यातून आरपार घालून बाहेर किती येतो ते आधी नजरेने तपासावे आणि हाताला अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये.

फिटिंग हाताने आवळावे, वर किंचित पाव फेरा, बस्स. आपल्याकडे कोणताही आटा दिसला की प्लंबर टेफ्लॉन टेप गुंडाळतो. इथे पाणी रबरी ओ-रिंग अडवते, आट्यांवर टेप लावायची नसते, आणि जास्त आवळले तर अॅक्रिलिकच्या टाकीला तडा जातो. त्याच कारणाने अॅक्रिलिकचे भाग अल्कोहोलने पुसू नयेत. नळी १० मिमी आतली आणि १६ मिमी बाहेरची घ्यावी, ती वळणावर चिमटत नाही. फिटिंग त्याच मापाचे आहे ना, हे पाहावे. नळी काटकोनात कापून तळापर्यंत दाबून बसवावी. सर्वांत खालच्या जागी एक झडप ठेवायला विसरू नये. पाणी बदलायच्या दिवशी तिचे मोल कळते.

जुळणी पूर्ण झाल्यावर पाणी भरण्याआधी हवेची चाचणी घ्यावी. दाबमापक असलेला छोटा हातपंप मिळतो. त्याने साधारण अर्धा बार दाब भरून काटा अर्धा तास हलत नाही ना ते पाहावे, पण त्याआधी पंप व टाकी यांची सांगितलेली दाबमर्यादा वाचून घ्यावी. मग पाणी. या वेळी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड यांच्या सर्व वीजतारा सोडवलेल्या असाव्यात आणि एसएमपीएस फक्त पंपालाच वीज देत असावा. त्यासाठी २४ पिनच्या जोडणीवर लावायचे तयार जंपर मिळते. टाकी भरावी, पंप काही क्षण चालवून बंद करावा, पातळी उतरली की पुन्हा भरावी. टाकी रिकामी होऊ देऊ नये. पातळी स्थिरावली की कॅबिनेट हलकेच चारही बाजूंना कलवावे. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा खळखळत टाकीत येईल. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून पंप रात्रभर चालू द्यावा आणि सकाळी कागद कोरडे असतील तरच बाकीच्या तारा जोडाव्यात.

इलेक्ट्रॉनिक्सची_मास्तरीण यांचे उत्तर:

वरील कृतीला एक सूचना जोडते. डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून गळती झाली तरी बिघडत नाही, असे अनेक जण समजतात. डब्यातून काढलेले पाणी तसे असेलही. परंतु त्यात द्रावण मिसळले आणि ते तांब्या-पितळेतून फिरले की ते वीजवाहक होते. पाणी सांडलेच तर आधी वीज तोडावी, भाग वेगळे करून पंख्याच्या वाऱ्यात पूर्ण सुकवावेत आणि त्यानंतरच चालू करावेत.

टॉवेल_डिझायनर लिहितात:

समजले. शेवटची शंका अशी की, संगणक डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवला तर रेडिएटरला थंड हवा मिळेल. तसे करावे का? पाण्यावर बाष्प धरून ठिबकण्याची भीती आहे का?

भवानी_पेठ_गॅरेज यांचे उत्तर:

बाष्प धरणार नाही, कारण पाणी खोलीच्या हवेपेक्षा गरमच असते. दव फक्त हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर जमते. कूलरचा उपयोगही खरा आहे, आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असल्याने तो खोली काही अंशांनी उतरवतो. फक्त थेट झोत नको. कूलरच्या हवेसोबत बारीक तुषार येतात, ते रेडिएटरच्या पात्यांवर सुकले की बोअरच्या पाण्यातील क्षार तिथेच राहतो, आणि त्यावर आपल्या कारखान्यातले तंतू चिकटले की तो थर ब्रशने निघत नाही. संगणक झोताच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. नाहीतर दमट हवा खोलीतच फिरत राहते आणि कूलरचा गुण जातो. जून लागला की तो बंदच ठेवावा, तेव्हा त्याने ओलाव्यापलीकडे काही मिळत नाही. जाळ्या दर आठवड्याला झटकाव्यात, पाणी वर्षाने बदलावे. मधल्या काळात टाकीतली पातळी थोडी उतरेल, ती गळती समजून घाबरू नये, मऊ नळीतून थोडे पाणी उडून जातच असते.